उतेकर सरांचा तुलना गट

सदानंद उतेकर सरांनी दाराबाहेर पाटी लावली, तेव्हा ती किती उंचीवर लावावी यावर सोसायटीत तीन मतं पडली. पाटीवर काय लिहिलंय यावर मात्र एकही मत पडलं नाही, कारण ते कुणाला कळलंच नव्हतं. ‘आरोग्य संशोधकांसाठी संख्याशास्त्रीय साहाय्य व अभ्यास-आराखडा सल्ला. वेळ सकाळी १० ते १. रविवारी बंद.’ महाडात आरोग्य संशोधक किती, त्यांतले दहा ते एक या वेळात मोकळे किती, आणि त्यांतल्या कितींना तीन जिने चढून यावंसं वाटेल, हा हिशेब एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला यायला हवा होता. पण निवृत्त झाला की माणूस आधी स्वतःचाच विषय विसरतो.

पहिल्या आठवड्यात दोन जण आले. एक तळमजल्यावरच्या आजी, रक्तदाब मोजून घ्यायला. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, की इथे रक्तदाब मोजत नाहीत, मोजलेल्या रक्तदाबांचं पुढे काय करायचं ते सांगतात. आजी म्हणाल्या, "मग ते डॉक्टर सांगत नाहीत का?" दुसरा आला तो औद्योगिक वसाहतीतला कामगार, पाळी सुटल्यावर थेट. त्याने आवाज उतरवून उद्याचा आकडा विचारला. सरांनी त्याला अर्धा तास संभाव्यता शिकवली. गडी मन लावून ऐकत होता. जाताना म्हणाला, "म्हंजे तुमालाबी नाय माहीत."

सरांच्या पत्नी नीलाताई यांनी हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्यावर काही बोलल्या नाहीत. छत्तीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचे जे प्रकार त्यांनी तयार केले होते, त्यांतला हा तिसरा प्रकार होता. सरांना तो फार लागला.

म्हणूनच डॉक्टर श्रुतिका साळवी पाटी वाचून खरोखरच जिना चढून आल्या, तेव्हा सरांना भरून आलं. ही मुलगी पोलादपूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राची डॉक्टर. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका येतात त्या चक्कर येते, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून. रक्त तपासावं तर निम्मंच. गोळ्या दिल्या तर त्या पोटात मळमळतं म्हणून फडताळात पडून राहतात. तेव्हा हिने नाचणी, अळीव, तीळ आणि गूळ यांचा एक लाडू बसवला होता. मुंबईतला एक न्यास म्हणाला होता, लाडवाने रक्त वाढतं याचा काही पुरावा द्या, महाड आणि पोलादपूरच्या सगळ्या डोंगरी वाड्यांना आम्ही तीन वर्षं लाडू पुरवतो.

"काही पुरावा म्हणजे?" सरांनी विचारलं.

"एवढंच लिहिलंय सर. मी एका गावातल्या सगळ्या बायकांना सहा महिने लाडू देणार, आधी रक्त तपासणार, नंतर तपासणार. मला फक्त आकडे नीट मांडून हवेत."

सर हसले. संख्याशास्त्रज्ञ असे हसायला लागले, की समोरच्याने आपली पर्स उचलून निघावं. पण डॉक्टर श्रुतिका बिचाऱ्या बसून राहिल्या.

"आणि समजा," सर म्हणाले, "रक्त वाढलं. कशानं वाढलं? लाडवानं, की पावसाळ्यातल्या रानभाज्यांनी? की डॉक्टर घरी येते म्हणून बायका दोन घास जास्त जेवायला लागल्या, त्यानं? कशाशी तुलना करणार तुम्ही?"

"पण सर, सगळ्यांनाच अशक्तपणा आहे. निम्म्यांना द्यायचं आणि निम्म्यांना..."

"सहा महिने. सिद्ध झालं, की सगळ्यांना तीन वर्षं. तुलना गटाशिवाय अभ्यास म्हणजे नुसती हौस."

डॉक्टर काहीतरी म्हणणार होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कशेडीत ट्रक उलटला होता आणि जखमींना घेऊन गाडी निघाली होती. जाता जाता दारातून त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे सर, तुम्ही म्हणाल तसं." न्यासाने तुलना गट मागितला नव्हता, डॉक्टरांना तो नको होता, बायकांना तर विचारलंच नव्हतं. तो एकट्या उतेकर सरांचा होता, ही गोष्ट इथेच लिहून ठेवलेली बरी.

गाव निवडलं सरांचंच, धामणकोंड. वरची वाडी आणि खालची वाडी, मध्ये ओढा आणि एक चढाची घाटी. एका वाडीला लाडू, दुसरीला नाही. आराखडा कागदावर इतका देखणा दिसत होता, की सरांनी तो फ्रिजवर लावला. शेजारचे पालांडे दूध मागायला आले होते, त्यांनी तो वाचला. पालांडे वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते आणि निवृत्तीनंतर क्वालिटीही राहिली नव्हती आणि कंट्रोल तर घरात कधीच नव्हता, त्यामुळे ते दुसऱ्यांच्या कामात फार बारकाईने लक्ष घालत. "लाडवाचं वजन?" ते म्हणाले. "चाळीस ग्रॅम, दोन ग्रॅम इकडेतिकडे. बॅच नंबर पाहिजे. नमुना राखून ठेवला पाहिजे." सरांना हे पटलं. परिणामी नीलाताईंच्या काचेच्या बरण्यांत चाचणीच्या लाडवांचे बॅच क्रमांक एक ते नऊ जाऊन बसले आणि लोणच्याला बरणी उरली नाही. नीलाताईंनी न बोलण्याचा पाचवा प्रकार काढला.

मग परवानगी. माणसांवर काही प्रयोग करायचा तर नैतिकता समितीची मान्यता लागते. जिल्ह्याबाहेरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीने अर्ज ठेवून घेतला आणि सव्वीस प्रश्न पाठवले. लाडू खाताना ठसका लागल्यास जबाबदारी कुणाची? दातांच्या कवळीला इजा झाल्यास काय? तुलना गटातील स्त्रियांना लाडू न मिळाल्याने मानसिक त्रास झाल्यास उपाययोजना कोणती? शेवटच्या प्रश्नापुढे सरांनी ठामपणे लिहिलं, ‘असा त्रास अपेक्षित नाही.’ संमतिपत्र अकरा पानांचं झालं. त्याचं मराठी सरांनी स्वतः केलं होतं, त्यामुळे ते वाचून दाखवताना गावातल्या बायकांना वाटलं, कुणाच्या तरी जमिनीचं खरेदीखत चाललंय.

संख्येचा घोळ तर वेगळाच. सरांच्या सूत्राप्रमाणे प्रत्येक गटात त्रेसष्ट बायका हव्या होत्या, अठरा ते पंचेचाळीस वयाच्या. त्या वयाच्या बायका प्रत्येक वाडीत निघाल्या चौदा-पंधरा. बाकीच्या नवऱ्यांबरोबर मुंबईला. सरांनी वयाची अट साठ केली. तरी भागेना. शेवटी ‘चालती-फिरती प्रौढ स्त्री’ अशी व्याख्या केली, तेव्हा वरच्या वाडीत एक्केचाळीस आणि खालच्या वाडीत चव्वेचाळीस भरल्या. सूत्राला सरांनी थोडं समजावून सांगितलं. या चव्वेचाळिसांत बहात्तर वर्षांच्या येसूबाईही आल्या, सरांच्या सख्ख्या चुलती. सरांची आई लवकर गेली. शाळेला जाताना सदूच्या हातात भाकरी देणाऱ्या त्या याच काकी.

आता कुठल्या वाडीला लाडू द्यायचे? डॉक्टर म्हणाल्या, "मोबाइलवर करू की सर, एका सेकंदात निघेल." पण तोवर बातमी मुंबईला पोचली होती. धामणकोंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांचा चिटणीस राहुल याचा फोन आला. "काका, एका वाडीला देणार, एकीला नाय, ये तो पार्शलिटी हो गया ना. ग्रुपवर लोक भडकलेत. डिसाइड कोण करणार?" सर विचारात पडले आणि मग त्यांना ती कल्पना सुचली, जिचा त्यांना पुढे कितीतरी दिवस अभिमान होता आणि त्यानंतर कायमचा पश्चात्ताप. चिठ्ठ्या टाकायच्या, आणि सोमजाईच्या देवळात, सगळ्या गावासमोर. पारदर्शकपणा म्हणजे पारदर्शकपणा.

मे महिन्यात सगळं गाव देवळात जमलं. गावकीचे गोमाजी पुढे बसले होते. हा माणूस बोलतो कमी, पण त्याने घसा खाकरला तरी गावात ठराव झाला असं धरतात. गोमाजींचं म्हणणं, देवीला कौल लावावा, उजवीकडचं फूल पडलं तर वरची वाडी, डावीकडचं पडलं तर खालची. सरांनी त्यांना हळूच सांगितलं, की फुलाचा देठ, पाण्याचा ओलावा, मूर्तीचा कल या सगळ्यांचा परिणाम होतो, तेव्हा कौल शास्त्रीय नव्हे.

"मंग चिठ्ठी?" गोमाजींनी विचारलं.

"चिठ्ठी शास्त्रीय."

"देवीच्या पुढ्यात काढनार ना?"

"देवीच्या पुढ्यात."

गोमाजींनी घसा खाकरला. सरांनी तांब्यात हात घालून चिठ्ठी काढली. वरची वाडी. म्हणजे सरांच्या स्वतःच्या वाडीला, स्वतःच्या काकीला, लाडू नाही. सरांनी ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, मग आपण निःपक्षपातीपणावर चार शब्द बोलू. पण कुणी हूं का चूं केलं नाही. बायका पदर सावरत उठल्या. गोमाजी म्हणाले, "देवीच्या पुढ्यात निघालं. आता वाद नाय." एवढ्या सहज पटलेलं पाहून सर भारावले. माझ्या गावाइतका वैज्ञानिक दृष्टिकोन कुठे पाहिला नाही, असं त्यांनी घरी येऊन नीलाताईंना सांगितलं.

जूनपासून लाडू सुरू झाले. पोलादपुरातला बचत गट ते वळायचा, आणि गावची आशा सेविका सारिका ते रोज सकाळी वरच्या वाडीत वाटायची. पहिल्या दिवशी सरांनी वरच्या वाडीतल्या बायकांसमोर भाषण केलं. लाडू ज्याचा त्यानेच खायचा. नवऱ्याला नाही, पोराला नाही, मुंबईहून आलेल्या पाहुण्याला नाही. "आणि खालच्या वाडीत तर तुकडासुद्धा जाता कामा नये. गेला तर सगळा अभ्यास फुकट." बायका माना डोलावत होत्या. चंद्रभागा नावाची एक बाई म्हणाली, "नाय ओ सर, कशाला देतोय." सरांनी वहीत लिहिलं : प्रतिसाद उत्तम.

जुलैत पाऊस असा लागला, की तहसीलदारांचा निरोप आला, दोन्ही वाड्या रिकाम्या करून शाळेत या. तळीयेवर दरड कोसळल्यापासून डोंगरातली माणसं अशा निरोपावर वाद घालत नाहीत. कपड्यांचं बोचकं बांधतात आणि उतरतात. आठ दिवस दोन्ही वाड्या शाळेच्या दोन खोल्यांत. सरांना धास्ती बसली, पण ती तुलना गटाची. लोकांचीही बसली असेल, पण आधी तुलना गटाची बसली, हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं. भर पावसात ते महाडहून पोलादपूर आणि पोलादपूरहून कुणाच्या तरी जीपने शाळेत पोचले. वरची वाडी एका खोलीत, खालची दुसऱ्या खोलीत, असं बसवलं आणि मधल्या व्हरांड्यात खडूने रेघ मारली.

येसूबाई रेघेच्या अलीकडे घोंगडी पांघरून बसल्या होत्या. "सदू," त्या म्हणाल्या, "डोंगर आला खाली तर समद्यांवर एकदमच येनार ना रे? मंग खानं कशाला येगळं?"

"काकी, नियम आहे," सर म्हणाले.

काकींनी मान डोलावली. सरांनी वहीत ‘आराखड्यापासून किरकोळ विचलन, आठ दिवस’ अशी नोंद केली आणि खाली सही केली. ती पान क्रमांक सतराची सही पुढे त्यांना वहीतल्या इतर कुठल्याही सहीपेक्षा जास्त वेळा दिसली.

दर महिन्याला फॉर्म भरायला सर स्वतः जात. खालच्या वाडीत प्रत्येक बाईला एकच प्रश्न, तोही समितीने मान्य केलेल्या शब्दांतच विचारायचा, काना-मात्रा इकडेतिकडे न करता. येसूबाईंच्या ओटीवर ते वही उघडून बसत आणि म्हणत, "गेल्या तीस दिवसांत आपण पूरक आहार म्हणून दिलेला लाडू पूर्णतः वा अंशतः सेवन केला आहे काय?"

पहिल्यांदा काकी एवढ्या लांब वाक्याने गोंधळल्या. सारिका मागे उभी होती. काकींनी सारिकाकडे पाहिलं, सारिकाने वाशांकडे पाहिलं. "नाय," काकी म्हणाल्या. सरांनी खूण केली. सहा महिन्यांत चव्वेचाळीस बायकांकडून ‘नाय’ची दोनशे चौसष्ट उत्तरं आली आणि त्यांत एकही ‘हो’ नव्हतं. आता इतकी एकजात उत्तरं आली, की कुणाही संख्याशास्त्रज्ञाला संशय यायला हवा. दुसऱ्या कुणाचा अभ्यास असता तर सरांनाही आला असता.

डिसेंबरात शेवटची रक्ततपासणी झाली. सरांनी आकडे भरले, पडताळले, पालांड्यांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि डॉक्टर श्रुतिकांना महाडला बोलावून घेतलं. वरच्या वाडीचं सरासरी हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठवरून दहा पूर्णांक सातवर गेलं होतं. डॉक्टरांचा चेहरा फुलला.

"थांबा," सर म्हणाले. "खालची वाडी. नऊ पूर्णांक सातवरून दहा पूर्णांक सहा."

डॉक्टरांनी कागद स्वतःकडे ओढून दोन्ही आकडे पुन्हा वाचले.

आणि मग उतेकर सर बोलले. एकतीस वर्षांत वर्गात कधी इतकं छान बोलले नसतील. "बघा, तुलना गट नसता तर काय झालं असतं? तुम्ही आनंदाने लिहिलं असतं, लाडवानं रक्त वाढलं. आज कळलं, की लाडू न खाता पण तेवढंच वाढतं. ऋतूमुळे असेल, तुमच्या भेटींमुळे असेल. पण लाडवामुळे नाही. केवढ्या चुकीतून वाचलात तुम्ही."

"सर, मला बायकांमध्ये फरक दिसतो," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्हीकडे दिसतो. पण दिसतो."

"दिसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, डॉक्टर."

पालांडे म्हणाले, "अगदी बरोबर." नीलाताईंनी चहा आणून ठेवला आणि डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवून आत गेल्या. अहवाल सरांनी लिहिला. शेवटचं वाक्य : ‘लाडू सेवन करणारा गट व तुलना गट यांत लक्षणीय फरक आढळला नाही.’ खाली सही, सदानंद उतेकर, संख्याशास्त्रीय सल्लागार. सल्लागार म्हणून केलेली ही त्यांची पहिलीच सही, त्यामुळे जरा मोठी आली.

जानेवारीत न्यासाचं तीन ओळींचं पत्र आलं. अभ्यासाच्या काटेकोरपणाबद्दल अभिनंदन; निष्कर्ष लक्षात घेता लाडू उपक्रम पुढे नेता येत नाही; निधी अन्यत्र वळवला आहे. सरांनी ‘काटेकोरपणा’ हा शब्द दोनदा वाचला. पत्र कपाटात ठेवताना त्यांना थोडं वाईट वाटलं, पण ते शास्त्रासाठी सोसायचं वाईट होतं, त्यामुळे त्याचाही थोडा अभिमान वाटला.

त्यानंतर आठवड्याने सारिका महाडला आली, लाडू तोलायचा वजनकाटा परत द्यायला. पाणी पिऊन झाल्यावर पेला हातात घेऊन घुटमळली. "सर, अभ्यास संपला ना? आता सांगितलं तर चालंल?"

"काय?"

"खालच्या वाडीनं पन खाल्लेत लाडू."

सरांनी चष्मा काढला. "कुणी?"

"समद्यांनी. रोज. चिठ्ठी देवीच्या पुढ्यात निघाली ना सर. गोमाजीभाऊ तवाच बोलले, देवीच्या पुढ्यातनं जे गावात आलं त्याचा वाटा दोन्ही वाड्यांस्नी गेला पायजे. वरच्या वाडीला लाडू म्हंजे काय, तर घ्यायचा मान वरच्या वाडीचा. वाटा मातूर समद्यांचा. सकाळी मी वाटायची, आन दुपारी ओढ्यावर बाया अर्धा अर्धा आनून द्यायच्या. खाली तीन बाया जास्त हायत, तर रोज तिघी जनी आपला पाळीपाळीनं सोडायच्या. कोनाची पाळी ते भाऊंनी लिहून ठेवलेलं."

सरांच्या मनात आधी आलं ते हे, की काय सुंदर वाटप केलंय. सहा महिने, पंच्याऐंशी बायका, एकीलाही कमी नाही की जास्त नाही. मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि कपाटातून आकड्यांचा कागद काढला. रक्त दोन्ही वाड्यांत वाढलं होतं, कारण लाडू दोन्ही वाड्यांनी खाल्ला होता. अर्धा खाऊन वाढलं होतं.

"मग फॉर्मवर ‘नाय’ का म्हणाल्या सगळ्या?"

"तुमी बोलला होता ना, तुकडा गेला तर समदं फुकट जाईल. भाऊ म्हनाले, सदूचा जीव त्या वहीत हाय, त्याला कशाला दुखवा. वाटा देऊ, आन वहीत नाय म्हनू. दोन्हींचं मन राहील." मग खाली बघून म्हणाली, "मी सांगायला पायजे होतं सर."

"मी विचारायला हवं होतं," सर म्हणाले.

नीलाताई दारात उभ्या होत्या. न बोलण्याचे सगळे प्रकार बाजूला ठेवून त्या बोलल्या. "दर वर्षी जत्रा झाली की सोमजाईच्या बोकडाचा वाटा, चुलीमागे एक, एसटीच्या कंडक्टरबरोबर पोलादपूरहून महाडला येतो. आपली चूल इथे आहे, तरी येतो. मी तो शिजवते आणि तुम्ही खाता. तुम्हाला कसं ठाऊक नव्हतं हो?"

ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं. फक्त आराखडा करताना ते ठाऊक असणं त्यांनी घरी ठेवलं होतं, कारण आराखड्यात त्याला रकाना नव्हता.

सर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर श्रुतिकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं त्यांना वाटलं होतं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे लागू पडत होता, सर."

सरांनी न्यासाला चार पानी पत्र लिहिलं. चूक माझी, आराखडा माझा, चिठ्ठी देवळात काढायची कल्पना माझी. डॉक्टरांचा आणि बायकांचा दोष नाही. लिहिता लिहिता त्यांना लिहायचं होतं, ‘लाडवाने रक्त वाढतं.’ पेन थांबलं. तसं म्हणायला एक तरी गट लाडू न खाल्लेला हवा, आणि अख्ख्या धामणकोंडात लाडू न खाल्लेली बाई उरली नव्हती. तुलनेशिवाय निष्कर्ष नाही हे ज्याने पोरीच्या तोंडावर ठणकावून सांगितलं, त्याला आता तुलनेशिवाय लिहावंसं वाटत होतं. दोन तास बसून त्यांनी लिहिलं, ‘लाडू उपयुक्त असण्याची दाट शक्यता आहे.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

न्यासाने विचारलं, फॉर्मवरची उत्तरं खोटी होती असं सहभागी स्त्रियांचं सहीनिशी निवेदन मिळेल का? सर गोमाजींकडे गेले. गोमाजी म्हणाले, "बायांनी वाटा दिला ते चांगलं केलं. आन त्याच बायांकडनं आमी खोटं बोललो असं लिहून घेऊ? मुंबईच्या मानसांनी ते वाचायचं? नाय सदू. ते मी करनार नाय. तूबी करू नको." सरांना ते पटलं, आणि तिथे ते प्रकरण संपलं. न्यासाने नवा प्रस्ताव नव्या वर्षात, नव्या समिती-मान्यतेसह पाठवायला सांगितलं. तोवर डॉक्टर श्रुतिकांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी सरांना नमस्कार केला, आणि सरांना वाटलं, या मुलीने मला एक शिवी दिली असती तर मी आज रात्री झोपलो असतो.

मार्चमध्ये सर पुन्हा धामणकोंडला गेले, या वेळी वही न घेता. येसूबाई ओढ्याकडून घराकडची चढण चढून येत होत्या, डोक्यावर सरपणाची लहानशी मोळी. अर्ध्यात एका दगडावर टेकल्या. सरांनी मोळी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ते शेजारी बसले. मोळी डोक्यावरच राहिली. काकी म्हणाल्या, "खाली ठेव ती," तेव्हा ठेवली.

"काकी, मला का नाय सांगितलंस?"

"काय?"

"लाडवाचं."

काकींनी पदराने तोंड पुसलं. "तू वही उघडून यायचास रे. एवढं लांबलचक विचारायचास. मला वाटलं, सरांना हवं ते सांगावं. सदू येऊन बसला असता, बोलला असता, काकी काय खाल्लंस, तर सांगितलं असतं की."

सरांनी मोळीची सैल दोरी आवळली. मग म्हणाले, "कसा होता लाडू?"

"बरा होता. कोरडा वाईच. पन तवा मला हितं बसावं लागत नव्हतं. नीट घरापोत जायची." त्यांनी दम घेतला. "आता कवा चालू होतील परत?"

सदानंद उतेकरांनी जन्मात आधाराशिवाय आकडा सांगितला नव्हता. ते म्हणाले, "पावसाच्या आत होतील काकी. दोन-तीन महिन्यांत."

येसूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पुतण्या खोटं बोलतोय हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे सरांनाही कळलं. मग काकींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "होतील रे, होतील." अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात सहा महिने त्यांनी सदूच्या वहीसाठी ‘नाय’ म्हटलं होतं.